रेघा उमटवणारा ब्रश

ब्रश विकत घ्यायला निघालेल्या माणसाच्या पोटात गोळा येण्याचं काही कारण नसतं. भांड्यांच्या दुकानात जायचं, चार ब्रश दाबून बघायचे, एक उचलायचा आणि घरी यायचं, इतकं साधं काम. पण धाकटीने बेकरीचं दार ओढून घेतलं तेव्हा तिच्या पोटात गोळा आलेला होता, आणि तो कशामुळे, हे तिला कुणापाशी बोलता येत नव्हतं.

सांगण्यासारखं कारण होतं, तेही अगदी खणखणीत. शेजारचा शिंपी आदल्या दिवशी अर्धा खाल्लेला बन घेऊन आला होता. दुकानात गर्दी बघून त्याला चेव चढला. त्याने तो बन कापडाच्या कातरणावर ठेवून सगळ्यांना दिसेल असा मांडला. "माझ्या सदऱ्यातून दोरा निघाला तर एकवेळ चालेल," तो म्हणाला, "पण बनमधून केस? आणि एवढा राठ? कुणाची मिशी भादरलीत?" गिऱ्हाइकं खो खो हसली. धाकटीही हसली, बन बदलून दिला आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. केस ब्रशचा होता. बनांवर अंडं-दूध लावायचा तो जुना ब्रश आताशा पिकलेल्या माणसासारखा गळायला लागला होता. तेव्हा सिलिकॉनचा घ्यायचा, म्हणजे केस गळायची भानगडच नाही. शिंप्यालाही हे पटलं, आईलाही सांगून झालं.

खरं कारण निराळं होतं.

बेकरी तिघींची. आई गल्ला सांभाळायची, धाकटी पीठ मळून गोळे वळायची आणि शेवटचा हात थोरलीचा. थोरली डावखुरी. बनांच्या ट्रेवरून तिचा ब्रश असा झपाझप फिरायचा की बघणाऱ्याला वाटावं, ही काही काम करतच नाहीये, नुसती माशा हाकलतेय. पण भट्टीतून बन बाहेर आले की आरशासारखे चकाकायचे. ट्रेच्या कोपऱ्यातले तीन बन तेवढे कोरडे ठेवायचे, ही वडिलांनी घालून दिलेली पद्धत. ते घरचे. घाईगर्दीत कुणी घरचा नाश्ता विकून टाकू नये म्हणून त्यांना दुधाचा हात लावायचा नाही. थोरलीला याचा भारी राग. "सगळ्या जगाचे बन मी नटवायचे आणि आपल्या ताटात हे रापलेलं थोबाड!" ती म्हणायची. त्यावर आई ठरलेलं उत्तर द्यायची, "घरच्याला कसला आलाय नट्टापट्टा? गुपचूप खा."

थंडीत तापाचं निमित्त झालं आणि थोरली गेली. 

दोघींनी भट्टी पुन्हा पेटवली त्या दिवशी धाकटीने गोळे वळले, ब्रश फिरवला, ट्रे आत सरकवला, आणि बाहेर काढून बघते तर काय. कोपऱ्यात कोरडे बन तीनच होते. सवयीच्या हाताला कोण समजावणार? आईने तो तिसरा बन बघितला आणि पदरात तोंड लपवून बाहेर निघून गेली. उद्यापासून दोनच, असं धाकटीने स्वतःला बजावलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच, नंतरही तेच. भानावर यावं तोवर बोटं तिसरा गोळा वळून मोकळी झालेली असायची. शेवटी तिने नाद सोडला. असू दे म्हणाली, पाखरांना घालू.

आणि मग एका सकाळी तो तिसरा बन भट्टीतून चकाकत बाहेर आला.

चुकून ब्रश लागला असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने नीट लक्ष ठेवून कोपरा कोरडा ठेवला, तरी तो चकाकलाच. आईने तो उचलून हातात धरला, उलटसुलट केला आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा हसली. "बघ," ती म्हणाली, "तिने आपला आपण लावून घेतला. शेवटी केलंच मनासारखं!" आणि तो बन तिने शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

तेव्हापासून आई दुसरं काही खाईना. स्वतःचा कोरडा बन ती बाजूला सारायची. भात, भाजी, सार, दूध, काहीही पुढे केलं तरी एकच बोलणं, "पोट भरलंय गं." तो एक चकाकता बन खायचा आणि दिवसभर समाधानाने बसायचं. पण खाल्लेलं काही अंगी लागत नव्हतं. बोटात अंगठी राहीना म्हणून तिला दोरा गुंडाळावा लागला, गालांची हाडं वर आली, जिना चढताना तिच्या पावलांचा आवाजही येईनासा झाला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "रोग काही नाही," त्या म्हणाल्या, "पण यांनी असंच चालवलं तर मला बोलावू नका, उपयोग व्हायचा नाही." धाकटीने तिसरा बन लपवून बघितला, तर आई दिवसभर पाण्याच्या घोटावर बसली आणि शेवटी धाकटीनेच रडत रडत तो काढून दिला. आईची मात्र तक्रार नव्हती. ती खुशीत होती. धाकटीला सगळ्यात जास्त भीती त्या खुशीचीच वाटायची.

मग तिच्या मनात आलं, की हे आईच करत असणार. आपली पाठ वळली की ही येते, ब्रश उचलते, बनावर फिरवते आणि लेकीनेच लावला असं स्वतःला पटवून देते. दुःखात माणूस काय वाट्टेल ते करतं. हे एकदा आईच्या पदरात घालता आलं तर ती रडेल, भांडेल, पण जेवेल. मात्र पुरावा कसा मिळवायचा? केसांचा ब्रश सगळ्यांचे हात सारखे करून टाकतो. कुणीही फिरवा, वर नुसती गुळगुळीत चकाकी. सिलिकॉनचं तसं नाही. त्याचे जाड दाते कणकेवर आपली वाट सोडतात, हे धाकटीला ठाऊक होतं, आणि आईचा हात तर हल्ली कापत होता. तिच्या रेघा वाकड्यातिकड्या येणार आणि चोरी पकडली जाणार.

तर असा तो ब्रश आणायला धाकटी निघाली होती.

भांड्यांचं दुकान नुकतंच एका नव्या माणसाने चालवायला घेतलं होतं. गडी बोलघेवडा होता. ब्रश म्हटल्याबरोबर त्याने काउंटरवर ढीगच ओतला. "भाजताना मध्येच वरून लोणी सोडायला हवाय, की भट्टीत जायच्या आधी हात फिरवायला?" त्याने विचारलं. "दोन्हीचे निराळे. लोण्याला जाड दात्यांचा, लांब दांड्याचा, म्हणजे हात भाजत नाही. नाजूक कामाला बारीक दात्यांचा."

"बनांना अंडं-दूध लावायचंय," धाकटी म्हणाली.

ती एकेक ब्रश हातात घेऊन बघू लागली. एकाचा दाता चिमटीत पिळला तर तो पांढरा पडला. "यात भेसळ आहे," ती म्हणाली आणि तो बाजूला सारला. दुसऱ्याचं डोकं दांड्यापासून निघत होतं. धुवायला सोपं म्हणून दुकानदार त्याचं कौतुक करत होता, पण त्या खाचेत पाणी साचून बुरशी धरते, हे काय तिला कुणी सांगायला हवं होतं? तिसऱ्याला रबराचा वास होता. तो वास बनांत उतरला असता, तर शिंप्याला आणखी एक विषय मिळाला असता.

"तुम्हालाही सगळं ठोकून-बजावून लागतं," दुकानदार हसला. "बहीणही अगदी तशीच."

धाकटीचा हात थांबला. "कोण बहीण?"

"काल येऊन गेल्या की. तुमच्याच चेहऱ्याच्या, जरा उंच. बराच वेळ सगळे ब्रश हाताच्या पाठीवर फिरवून बघत होत्या, डाव्या हाताने. मग हा निवडला." त्याने खालच्या खणातून कागदात गुंडाळलेला एक ब्रश काढला. "म्हणाल्या, उद्या माझी धाकटी येईल. ती दुसरा मागेल, पण तिला हाच द्या."

ब्रश सुंदर होता. दाते बारीक, दाट, रेशमासारखे मऊ. दुकानदाराने एका थाळीवर तेलाचा थेंब टाकला आणि वरून तो फिरवला. तेल काचेसारखं पसरलं. "बघा, एक रेघ नाही," तो म्हणाला. "अशी वस्तू सिलिकॉनमध्ये शोधून सापडत नाही."

आई दुकानात येणं शक्य नव्हतं, तिला तर गल्लीच्या टोकापर्यंतही चालवत नव्हतं. कुणी लांबची नातेवाईक असेल, याचा घोटाळा झाला असेल, हा असल्या गप्पा मारून माल खपवत असेल. ती एकामागून एक कारणं शोधत राहिली आणि एकही कारण तिला पटलं नाही. पटली ती एकच गोष्ट. जे कुणी आहे, त्याला आपल्या रेघा उमटायला नको आहेत.

"मला रेघा उमटवणारा द्या," ती म्हणाली.

"काय?"

"जाड दात्यांचा. ज्याच्या रेघा अगदी स्पष्ट दिसतील असा."

दुकानदाराने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बाई चांगल्या घरची दिसते, पण बिचारीचं डोकं फिरलंय. "अहो, सगळं जग रेघा न उमटणारा मागतं. वर बहिणीला काय सांगणार?"

"बहिणीचं मी बघते."

तिने एकसंध ओतलेला, गडद लाल, काडीएवढ्या जाड दात्यांचा ब्रश उचलला. सवयीने तो हाताच्या पाठीवर फिरवला आणि दचकून थांबली. गार, बोथट दाते कातडीवरून सरकताना कुणीतरी अंधारात चाचपून आपल्याला ओळखतंय असं तिला वाटलं. तरीही तिने तोच घेतला. मऊ ब्रश दुकानदाराने पुन्हा कागदात गुंडाळला आणि खणात ठेवून दिला, "राहू दे, येतील त्या" असं म्हणत.

दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटीने विकायच्या सगळ्या बनांवर नवा ब्रश फिरवला. तिचा हात स्वतःकडे ओढणारा, म्हणून रेघा सरळ, नांगरटीसारख्या आल्या. बन काही देखणे दिसत नव्हते. मग तिने मुद्दाम ब्रश ट्रेशेजारी ठेवला, अंडं-दुधाची वाटीही ठेवली आणि पाठ वळवून कोळसा ओढू लागली. आईला आयतीच संधी. कान तिने जिन्याकडे लावले होते. जिना वाजला नाही, दार करकरलं नाही. तिने वळून ट्रे उचलला तेव्हा आई वर खोकत होती, अंथरुणातच.

बन भाजून निघाले. तिसरा चकाकत होता.

तो तिने दिव्याखाली धरला. त्यावर रेघा होत्या, खोल आणि स्पष्ट. त्यात कापरेपणा नावालाही नव्हता. डावीकडून निघून बनाच्या कडेने डौलदार वळण घेत, एका दमात, मध्येच कुठे हात न उचलता ओढलेल्या. असा हात या घरात एकच होता. ताईने काम केलं की आपण म्हणायचो, माशा हाकलतेय, हे तिला आठवलं आणि तिथेच, ट्रेच्या कडेला धरून, तिला रडू कोसळलं. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षाही जास्त ताईची आठवण येत होती. आता चोरी पकडून कुणाला दाखवायची?

आई खाली आली. तिने बन बघितला, रेघांवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. "ओळखलास ना हात?" ती म्हणाली. "तुला वाटत होतं मीच करते. अगं, आईला लेकीचं सगळं कळतं." मग खाता खाता सहज बोलल्यासारखं म्हणाली, "तिला तिकडे करमत नाही गं एकटीला."

धाकटीने त्या दिवशी ठरवलं. ताई आपल्या हातून येते. आपण वळतो म्हणून तिसरा गोळा असतो आणि तिसरा गोळा असतो म्हणून ती येते. बास झालं. आई उपाशी राहिली तर तिच्या तोंडात चमच्याने घालीन, पण दारातली ही वाट बंद करीन.

पुढच्या पहाटे तिने घरच्या बनांचं पीठ आधी वेगळं काढलं. दोनच गोळे होतील एवढंच. ते वळताना ती मोठ्याने बोलत होती, "हा आईचा. हा माझा." दोन्ही कोपऱ्यात ठेवले. ब्रश धुऊन, पुसून स्वतःच्या खिशात घातला, अंडं-दूध उरलं ते मोरीत ओतलं आणि त्या ट्रेवरची नजर तिने क्षणभरही हलू दिली नाही. ट्रे भट्टीत गेला तरी ती दारासमोरून उठली नाही. धगीने चेहरा भाजत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाठीमागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं.

तिने ट्रे बाहेर ओढला. कोपऱ्यात दोन बन होते. एक कोरडा होता. एक चकाकत होता, आणि त्यावरून डावीकडून निघालेल्या त्या वळणदार रेघा गेलेल्या होत्या.

आई मागे येऊन उभी राहिलेली धाकटीला कळलीच नाही. पावलांचा आवाज नव्हताच. "दोनच केलेस?" आईने विचारलं. तिने दोन्ही बनांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की धाकटीला बघवेना. "बरोबर आहे. हा कोरडा तुझा. आणि हा आमचा. आता माझा वेगळा करायची गरजच राहिली नाही." तिने ओट्याला धरून श्वास घेतला. "आज न्यायला आलीय वाटतं. मी हा खाते आणि जरा पडते हं. तू दुकान उघड."

तिचा हात बनाकडे गेला. हाडाचा, हलका हात. धाकटीने विचार केलाच नाही. तिने तो चकाकता बन आईच्या बोटांखालून ओढून घेतला आणि त्याचा लचका तोडला.

"अगं, तो तुझा नाही!" आई ओरडली. इतक्या दिवसांत तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "टाक तो! धाकटे, टाक म्हणते ना!"

धाकटीने टाकला नाही. बन भट्टीतून आत्ताच निघालेला, बोटं भाजत होती, पण आतून तो गार होता. त्याला चव नव्हती. मिठाची नाही, गोडाची नाही, पिठाचीसुद्धा नाही. तरी ती घास कोंबत राहिली, आईकडे पाठ करून, लहानपणी खाऊ लपवून खाताना करायची तशी. तिने शेवटचा तुकडा गिळला. मग ती वळली. काहीही होईल अशा तयारीने ती उभी होती.

काही झालं नाही. आई स्टुलावर बसली होती. झोपेतून उठल्यासारखी इकडेतिकडे बघत होती. तिची नजर ट्रेवर गेली, कोपऱ्यातल्या कोरड्या बनावर. तिने तो उचलला, मोडला आणि तोंडात घातला.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.

ती चावत होती. खरोखर चावत होती, भूक लागलेल्या माणसासारखी, गाल फुगवून. "दूध आहे का गं थोडं?" तिने विचारलं. धाकटीने पेला पुढे केला. आईने तो गटागटा रिकामा केला आणि ओठ पुसले. "कालची भाजी असेल तर तीही गरम कर. पोटात नुसते कावळे ओरडतायत." धाकटीला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. तिने भाजी गरम केली, वाढली, समोर बसली आणि आईच्या प्रत्येक घासाकडे बघत राहिली. आईच्या चेहऱ्यावर थोडी रया येत होती. बाहेर शिंप्याने दुकानाची फळी उघडल्याचा आवाज आला. दिवस सुरू झाला होता, नेहमीसारखा.

आईने बनाचा उरलेला अर्धा तुकडा ताटलीच्या कडेला ठेवला.

"खा ना," धाकटी म्हणाली. "तो का ठेवलास?"

"धाकटीला नको का?" आई म्हणाली. तिने प्रेमाने वर पाहिलं, थेट डोळ्यांत. "थोरले, ती अजून उठली नाही का गं? गोळे वळायचे सोडून लोळत पडली असेल. हाक मार तिला."

धाकटीने तोंड उघडलं. आई, मीच आहे ना, एवढंच म्हणायचं होतं. पण आईच्या हातात भाजीचा घास होता, तोंडापर्यंत आलेला, आणि उत्तराची वाट बघत तो तसाच थांबला होता. धाकटीने तो घास बघितला. मग ती उठली, जिन्याच्या पायथ्याशी गेली आणि वर तोंड करून तिने हाक मारली, "धाकटे, ऊठ गं."

मागे आईने घास तोंडात घातला. "ओ दिली का तिने?" चावता चावता तिने विचारलं.